‘जिओग्राफी’ आणि ‘भूगोल’: अर्थ सांगताना या चुका टाळा

‘जिओ म्हणजे भू आणि ग्राफी म्हणजे गोल.’ स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि मुलांच्या भाषणांत हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा साफ चूक. ग्रीक ‘गे’ म्हणजे पृथ्वी, जमीन. ‘ग्राफेइन’ म्हणजे कोरणं, लिहिणं, रेखाटणं. म्हणजे जिओग्राफी हे पृथ्वीचं लेखन झालं, गोलाकार त्या शब्दात कुठेच नाही. गोंधळ होतो तो ‘भूमिती’मुळे. ‘जिओमेट्री’शी हा शब्द तुकड्याला तुकडा जुळतो: भू आणि मिती, म्हणजे मोजमाप. त्याच सवयीने आपण भूगोलाची फोड करायला जातो आणि फसतो.

दुसरी चूक ‘ग्राफी’चा अर्थ फक्त नकाशा किंवा आलेख असा घेण्याची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी या ग्रीक पंडिताचा भूगोलावरचा ग्रंथ पाहा. त्याचा मोठा भाग म्हणजे सुमारे ८,००० ठिकाणांची नावं आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, जेणेकरून वाचणाऱ्याला त्यावरून नकाशा काढता यावा. लिहिणं आणि रेखाटणं तिथे एकाच कामाचे दोन भाग आहेत. त्या यादीत आपलं पैठण ‘बैठाना’ या नावाने आहे, राजधानी म्हणून, सातवाहन राजा पुळुमावीच्या नावासकट! तेर ‘तगर’ म्हणून आणि सोपारा ‘सुप्पारा’ म्हणून भेटतात. वर्गात हा शब्द शिकवताना एवढं जरी सांगितलं, तरी तो मुलांना परका वाटणार नाही.

आता ‘भूगोल’. हा जिओग्राफीसाठी इंग्रजी काळात नव्याने घडवलेला शब्द आहे, असं काहीजण लिहितात. तसं नाही. आर्यभटाच्या इ. स. ४९९च्या ‘आर्यभटीया’तल्या गोलपाद या भागात ‘भूगोलः सर्वतो वृत्तः’ असे स्पष्ट शब्द आहेत: भूगोल सर्व बाजूंनी वाटोळा आहे. पुढच्याच श्लोकात कदंबाच्या फुलाची उपमा येते. त्या गेंदाला जशा चहूबाजूंनी पाकळ्या, तसे पृथ्वीगोलाला सर्व बाजूंनी जलचर आणि भूचर. मला ही उपमा फार आवडते, कारण ‘मग खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत?’ या पोरांच्या प्रश्नाजवळ ती थेट जाते. पण इथे भूगोल ही एक वस्तू आहे, आज वर्गातल्या टेबलावर ठेवतो त्या पृथ्वीगोलासारखी. अभ्यासाच्या विषयाचं नाव हा अर्थ पुष्कळ नंतरचा. म्हणून ‘आर्यभटाने भूगोल विषय सुरू केला’ असं लिहू नका.

‘जिओ’ हा संस्कृत ‘ज्या’वरून आला, असा एक संदेशही फिरत असतो. अमरकोशात पृथ्वीच्या नावांत ‘ज्या’ आहे, हे खरं. पण ‘जिओ’मधला ‘ज’ इंग्रजी उच्चारातला. ग्रीकमध्ये तिथे ‘ग’ आहे, त्यामुळे ज्या साम्यावर हा दावा उभा आहे ते साम्यच मुळात नाही.

‘भूगोलाचा जनक कोण’ आणि ‘जिओग्राफी हा शब्द कोणाचा’ हेही दोन वेगळे प्रश्न आहेत. जनक म्हणून काही पुस्तकांत हेकाटिअस या प्राचीन ग्रीक लेखकाचं नाव असतं. त्याच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ मात्र ‘पृथ्वीची प्रदक्षिणा’ असा होतो. शब्दाचं श्रेय दिलं जातं ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिसला. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा हा प्रमुख, सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढणारा. त्याचा मूळ ग्रंथ उरलेला नाही. त्यात काय होतं ते मुख्यतः स्ट्राबो या नंतरच्या ग्रीक भूगोलकाराने घेतलेल्या उल्लेखांवरून आणि केलेल्या टीकेवरून कळतं. म्हणून ‘इरॅटोस्थेनिस म्हणतो’ असं अवतरण देण्याआधी ते स्ट्राबोकडून आलंय का, ते तपासा.

शेवटी शुद्धलेखन. ‘भुगोल’ नको, ‘भूगोल’ लिहा; ‘भू’ दीर्घ, भूमी आणि भूकंपासारखाच. विशेषण ‘भौगोलिक’, ‘भूगोलिक’ नव्हे. ‘भुवन’ मात्र ऱ्हस्व, त्यामुळे भास्कराचार्यांच्या गोलाध्यायातल्या ‘भुवनकोश’ या प्रकरणाचा उल्लेख करताना नेमकी उलटी चूक होऊ देऊ नका.