खापर कुणाच्या नावाचं? अथेन्स शिकवण्यासाठी दोन तासिका

प्राचीन ग्रीस शिकवायला घेतलं की पहिली तासिका देवदेवतांत जाते आणि दुसरी ऑलिंपिकमध्ये. मुलं खूश होतात, पण निर्णय कोण घेत होतं, कसे घेत होतं, हे राहूनच जातं. सहावी ते आठवीच्या वर्गासाठी एकच गोष्ट घट्ट धरा: अथेन्समधलं खापरांवरचं मतदान. दुसऱ्याच्या माथी खापर फोडणं मुलांना घरातूनच ठाऊक असतं. इथे खापरावर नाव कोरायचं. ग्रीक भाषेत खापराला ओस्ट्राकोन म्हणत, त्यावरून या मतदानाचं नाव पडलं ओस्ट्राकिस्मोस.

नियम फळ्यावर लिहून द्या. वर्षातून एकदा नागरिकांच्या सभेला विचारायचे, यंदा हे मतदान घ्यायचं का? होकार मिळाला तर ठरलेल्या दिवशी प्रत्येक नागरिक एक नाव कोरून आणी. किमान ६००० खापरं जमली तरच मतदान ग्राह्य. सर्वांत जास्त खापरं ज्याच्या नावाची, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. त्याचं घर-शेत जप्त होत नसे. मुलं हमखास विचारतात, ‘त्याने गुन्हा काय केला?’ गुन्हा काहीच नाही. एकाच पुढाऱ्याच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये, ही ती भीती होती. इथे घाई करू नका; हे कळलं नाही तर पुढचा सगळा खेळ नुसता गोंगाट होतो.

चाळीस मुलांच्या वर्गाला पन्नास तुकडे लागतात, कारण कोरताना काही मोडतातच. चुलीवर काळं पडलेलं फुटकं मडकं सर्वांत उत्तम: खिळा ओढला की काजळीखालची तांबडी माती उघडी पडते आणि अक्षर लांबूनही वाचता येतं. खानापूर भागातल्या कुंभारांकडे फुटकी मडकी सहज मिळतात, ती कोरी असली तरी चालतात. कौलाचा तुकडा जाड आणि कडक असतो, त्यावर खिळा घसरून बोटाला लागतो. चिनी मातीची बशी तर मुळीच नको. धारही लागते आणि कोरताही येत नाही. तुकडा तळहाताएवढा ठेवा, नाहीतर नाव मावत नाही. कडा आदल्या दिवशीच दगडावर घासून बोथट करा. चार मुलांत एक दोन इंची खिळा पुरतो.

आता नावं. अथेन्सचा माणूस स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आपल्या गावाचं नाव सांगायचा. हे आपल्या मुलांना समजवावं लागत नाही. वर्गात एखादी सांबरेकर, एखादा येळ्ळूरकर, मुचंडीकर असतोच. त्याच चालीवर फळ्यावर लिहा: ‘थेमिस्टोक्लीस निओक्लीस फ्रेआरीकर’ आणि ‘अरिस्टायडीस लायसिमाखस अलोपेकीकर’. हे दोघे अथेन्सचे पुढारी. दोन्ही माणसं खरी, वडील खरे, गावंही खरी. ‘कर’ तेवढा आपला. वर्ग हसतो आणि नावं पाठ होतात.

वादाचा विषयही खराच घ्या. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरियनच्या खाणीत भरपूर चांदी सापडली. प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा, म्हणजे तिथली चांदीची नाणी, वाटून द्यावेत, असा विचार होता. थेमिस्टोक्लीस म्हणाला, वाटू नका, जहाजं बांधा. कारण त्याने शेजारच्या एजिना बेटाशी चाललेल्या वैराचं दिलं. अरिस्टायडीस त्याचा मोठा विरोधक, म्हणून वर्गात त्याला वाटपाच्या बाजूला बसवा. मात्र चांदीवरचं त्याचं भाषण आपल्यापर्यंत आलेलं नाही, हेही सांगा. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं द्या आणि मग सगळ्यांना नाव कोरू द्या.

इथे एक धोका आहे. वर्गातल्या कुणाचंही नाव खापरावर येऊ देऊ नका, अगदी गमतीतही. अबोल मुलाच्या नावाची आठ खापरं निघाली तर ते वर्षभर पुसलं जात नाही. गावातल्या किंवा पंचायतीतल्या पुढाऱ्याचंही नाव नको. वाद शाळेतून घरी जातो.

मोजणी झाली की निकाल फळ्यावर लिहा आणि मग चिठ्ठ्या काढून फक्त सहा जणांची खापरं ठेवा, बाकी चौतीस बाजूला करा. अथेन्सच्या एकूण वस्तीत मत देऊ शकणारे साधारण एवढेच होते. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मत नव्हतं. चिठ्ठ्याच काढा, मुलींना सरळ उठवलं तर धडा बाजूला राहतो आणि अपमान तेवढा लक्षात राहतो. अथेन्समध्ये मात्र चिठ्ठी नव्हती, जन्मावरच ठरायचं, हे लगेच सांगा. सहांची मोजणी पुन्हा करा. निकाल बदलला तर उत्तम, नाही बदलला तरी बाजूला बसलेली मुलं बोलायला लागतात. त्यांना बोलू द्या, तासिका संपली तरी चालेल.

दुसऱ्या तासिकेला खरा निकाल सांगा. इ. स. पूर्व ४८२ मध्ये अरिस्टायडीस हद्दपार झाला, जहाजं बांधली गेली, आणि ४८० मध्ये सलामिसच्या लढाईत त्याच जहाजांनी इराणी आरमार हरवलं. त्याआधीच अरिस्टायडीसला परत बोलावलं होतं. पुढे दहाएक वर्षांत थेमिस्टोक्लीसवरही तीच पाळी आली. इसवी सनापूर्वीचे आकडे उलटे चालतात, इथेच निम्मा वर्ग अडखळतो. सुतळीला गाठी मारून भिंतीवर लावा.

शेवटी पुरावा वाचायला द्या. घरून बारा खापरं कोरून आणा, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीस. आठ एकाच हाताची, चार वेगवेगळ्यांकडून कोरून घेतलेली. काही न सांगता वाटा आणि विचारा, ‘काय दिसतं?’ ‘थ’चं वळण, काना ओढण्याची तऱ्हा पाहून पाचएक मिनिटांत कुणीतरी ओरडतं, ‘सर, हे एकानेच लिहिलंय!’ मग सांगा: अॅक्रोपोलिस या अथेन्समधल्या टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली आणि अभ्यासकांना त्यात अवघ्या चौदा जणांचं अक्षर दिसलं. ती आधीच कोरून वाटण्यासाठी ठेवली असावीत. लिहिता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी की मतं फिरवण्यासाठी, यावर मुलांना भांडू द्या.

वर्गाची खापरं टाकून देऊ नका. पुढच्या वर्षीच्या मुलांसमोर ती कसलीही माहिती न देता ठेवा आणि त्यांच्याच गटाने सांगावं, इथे किती जण मतदानाला होते आणि कुणाचं पारडं जड होतं.