टाक्यात पू होऊ नये म्हणून ऑपरेशनआधी करायची घरची तयारी

ऑपरेशनची तारीख मिळाली की आपल्याकडे आधी पैशाची अन् गाडीची जुळवाजुळव होते. जखमेचा विचार सुट्टी झाल्यावर सुरू होतो. पण टाक्यांतला संसर्ग बहुतेक वेळा पाचव्या-सातव्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. तेव्हा पेशंट नागपूर-वर्ध्याच्या वॉर्डात नसतो, घरच्या बाजेवर असतो. म्हणून घरची तयारी आधीच करून ठेवा.

खर्रा, बिडी निदान चार आठवडे आधी बंद करा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात अन् जखमेला रक्त कमी पोचतं. साखर तपासून घ्या. घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर पेशंटचीही तपासणी करून रिपोर्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. आदल्या रात्री साबण लावून आंघोळ, नखं कापलेली. ऑपरेशनच्या जागेचे केस मात्र घरी वस्तऱ्यानं काढू नका. वस्तऱ्यानं कातडीला न दिसणारे काप पडतात अन् जंतू त्यातच वाढतात. केस काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीननं काढतील.

पेशंटची खोली गोठ्यापासून लांबची निवडा. सारवायची असेल तर आधीच सारवा आणि पूर्ण वाळू द्या. टाके असेपर्यंत तिथे शेणाचा हात नको, कोंबड्या-बकऱ्याही नकोत. दोन चादरी अन् सुती कपडे धुऊन कडक उन्हात वाळवून बांधून ठेवा. उन्हाळ्यात घामानं पट्टी ओली होते, म्हणून कुलर लावा, पण त्यातलं पाणी रोज बदला.

औषधाच्या दुकानातून सीलबंद निर्जंतुक गॉजची (जखमेवर ठेवायच्या जाळीदार सुती कापडाची) पाकिटं, चिकटपट्टी, साबण अन् थर्मामीटर आणून ठेवा. कापूस घरचा आहे म्हणून तो जखमेला लावायची सवय आपल्या भागात फार आहे. पऱ्हाटीवरून वेचलेल्या कापसात धूळ असतेच, शिवाय त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी शोषत नाही. दवाखान्यातला कापूस हे मेण काढून तयार केलेला असतो. तरी तोही उघड्या जखमेवर थेट ठेवू नये. त्याचे तंतू जखमेत अडकतात. गॉजच वापरा. हळद, राख, चुना, खोबरेल, पावडर यांतलं काहीही टाक्यांवर नको.

पहिली पट्टी साधारण 48 तास न उघडता राहू द्या. ती भिजली किंवा सुटली तरच डॉक्टरांना विचारून बदला. बदलणारं माणूस एकच ठरवा. दर वेळी त्यानं आधी साबणानं नीट हात धुवावेत. रोज दिवसाउजेडी जखम पाहावी, मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. लाली असेल तर तिच्या कडेनं पेनानं रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, जखम गरम लागली, ठणका कमी होण्याऐवजी वाढला, घट्ट पिवळा-हिरवा पू आला, वास सुटला किंवा ताप 100.4 च्या वर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गावातल्या डॉक्टरकडून जास्त पॉवरचं इंजेक्शन घेऊन चार दिवस काढू नका. पू आत साठला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळीनं तो जात नाही. उरलेल्या जुन्या अँटिबायोटिक गोळ्याही मनानं सुरू करू नका.

पोटाच्या जखमेतून अचानक भरपूर गुलाबी पाणी आलं तर आतले टाके सुटत असल्याची खूण समजा. खायला-प्यायला काही देऊ नका, पेशंटला झोपवून ठेवा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या गॉजनं जखम झाका आणि 108 ला फोन करा. आतडं बाहेर आलं तर ते आत ढकलू नका.

सुट्टीच्या वेळी कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: टाके कोणत्या तारखेला काढायचे, जड कधी उचलायचं अन् वॉर्डाचा फोन नंबर. हर्नियात जाळी किंवा हाडात प्लेट बसवली असेल तर तेही लिहून घ्या. एरवी 30 दिवस जखमेवर लक्ष ठेवावं लागतं, जाळी किंवा प्लेट असेल तर 90 दिवस.