गॅरेजची खोली करताय? या चुका टाळा

आईला जिना चढवेना, म्हणून सहकारनगरातल्या आमच्या बंगल्याच्या गॅरेजची खोली केली. पहिल्याच पावसात लॅमिनेट फ्लोअरिंग पापडासारखं फुगलं. चूक आमचीच. पीओपी, रंग, लाइटचे पॉइंट सगळं ठरवलं, जमिनीकडे कुणी बघितलंच नाही.

गॅरेजची जमीन घराच्या जोत्याला नसते. गाडी चढावी म्हणून ती रस्त्याच्या पातळीला, आणि पाणी निघून जावं म्हणून फाटकाकडे उतरती. खाली बहुतेक ठिकाणी मुरूम आणि वर कोबा. ओल अडवायला मध्ये काहीच नाही. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून दिवसभर कोब्यावर ठेवा. आतून थेंब धरले किंवा कोबा काळवंडला, तर टाइल आणायच्या आधी वॉटरप्रूफिंग. ही परीक्षा पावसाळ्यात करा. एप्रिलमध्ये पुण्यात सगळंच कोरडं असतं!

मग आपण म्हणतो, जमीन सहा इंच उचलू. उचला, पण आधी टेप लावून उंची मोजा. राहत्या खोलीला फरशीपासून छतापर्यंत निदान २.७५ मीटर लागतात, आणि गॅरेज मुळातच बुटकं. आमच्याकडे खालून सहा इंच गेले, वरून पीओपीने चार खाल्ले. सदरा घालताना हात पंख्याला लागेल अशी गत. पीओपी उतरवलं, मजुरी दोनदा दिली.

ओढ्याकाठी राहत असाल तर म्हाताऱ्या माणसाची झोपायची खोली तिथे करूच नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरांत घुसलं, ती रात्र अरण्येश्वरच्या लोकांना विचारा.

शटर काढून तिथे नुसत्या कोब्यावर भिंत चढवू नका, खाली पाया नसेल तर तडा जातो. एसीसाठी जुन्या दिव्याच्या पॉइंटवरून वायर ओढू नका. अर्थिंगसकट वेगळी लाइन घ्या. आणि पार्किंग सहसा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशोबात, धरलेलं नसतं, त्यामुळे खोली केली की मंजूर नकाशा बदलतो. आधी आर्किटेक्ट, मग महापालिकेची परवानगी. ‘आपलंच घर, कोण विचारतंय’ म्हणणाऱ्याला घर विकताना बँक विचारते.

सगळ्यात महाग पडतो तो संडास. चार इंची पाइपला चाळिसास एक उतार धरला, तर वीस फुटांत सहा इंच खाली जावं लागतं. चेंबर तेवढा खोल नसेल तर मैला तुंबतो, आणि जोराच्या पावसात रस्त्यावरची लाइन भरली की नहाणीतून उलटं पाणी वर येतं. म्हणून भांडं घ्यायच्या आधी चेंबरचं झाकण उघडून खोली मोजा. आम्ही मोजली नव्हती. शेवटी संडासच वर उचलावा लागला, त्याला दोन पायऱ्या आल्या, आणि आईला जिथून सोडवायचं होतं तो जिना खोलीतच येऊन बसला.