जपानमधील क्योतो-नाराची देवळे सहकुटुंब पाहताना

अंबाबाईच्या काकड आरतीला उठणाऱ्या कोल्हापूरकरांनी क्योतोतही पहाटच साधावी. कियोमिझु-देरा हे बौद्ध मंदिर सकाळी 6 वाजता उघडते, तर फुशिमी इनारी या देवस्थानाच्या लाल कमानींखालून गर्दीआधी निवांत चालता येते. प्रवेशाजवळच्या कुंडावर पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवावा आणि डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ भरावी. पळीला तोंड लावू नये, हे मुलांना आधीच बजावावे. नारातील तोदाइजी मंदिराची बुद्धमूर्ती सुमारे 15 मीटर उंच असून, आजी-आजोबांना त्या दिवशी तेवढेच दर्शन पुरे. रेल्वेत फोनवर बोलू नये. शाकाहारींनी विशेष सावध राहावे, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो; भातगोळा घेतानाही वेष्टनावरील घटक तपासावेत आणि कांदा-लसूण चटणीची पुडी जवळ बाळगावी.