मुरमात बहावा लावताय? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सगळं रान करपलेलं असताना बहाव्याचे पिवळे घोस लोंबायला लागतात, आणि मग प्रत्येकाला हे झाड आपल्या दारात हवं असतं. पावसाळ्यात रोप येतं, खड्डा होतो आणि दोन-तीन वर्षांत तिथं वाळकी काडी उरते. आमचा माण तालुका पर्जन्यछायेतला. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडे ५०० च्या आसपास. त्यामुळे रोप गेलं की दोष पाण्याला दिला जातो.

माझं पहिलं रोप मात्र तिसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात गेलं. उकरून पाहिलं तर मुळं खड्ड्याच्या कडेकडेनं गोल फिरलेली. मुरमात एकसुद्धा शिरलं नव्हतं. तळाची मुळं काळी पडून कुजली होती.

चूक खड्ड्यातच होती. मुरूम कठीण, म्हणून पहारीनं तीन फूट खणून आम्ही तो तळ्यातल्या काळ्या गाळानं गच्च भरला होता. रोपाला मऊ गादी मिळाली, पण भोवतीचा मुरूम तसाच घट्ट. असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. पावसाचं पाणी आत येतं आणि बाहेर जात नाही. मुळांनाही गाळ सोडून बाहेर पडायचं कारण उरत नाही.

म्हणून लावण्याआधी खड्डा पाण्यानं भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं, तर तळ पहारीनं आणखी फोडा. कडा गुळगुळीत ठेवू नका, टिकावानं खरवडून चिरा पाडा. खोलीपेक्षा रुंदी वाढवा. भरताना निघालेला मुरूमच निम्म्याहून जास्त वापरा, त्यात थोडी माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेण घातलंत तर वाळवी लागते, आणि आमच्याकडच्या कोरड्या रानात ती लागायला वेळ लागत नाही.

रोप निवडताना उंची बघून भुलू नका. बहाव्याला सोटमूळ असतं. पिशवीत दोन-तीन वर्षं अडकलेल्या सात-आठ फुटी रोपाचं मूळ तळाशी गुंडाळलेलं असतं. दीड-दोन फुटांचं रोप घ्या. पिशवी फाडल्यावर तळाशी वेटोळं दिसलं तर तेवढं धारदार कात्रीनं कापून टाका.

पाण्याचंही तसंच. रोज संध्याकाळी बुंध्यात तांब्याभर पाणी ओतलं, तर ओल वरच्या चार बोटांतच राहते आणि मुळंही तिथंच घुटमळतात. आठवड्यातून एकदा, पण भरपूर द्या. आळं दरवर्षी हातभर बाहेर सरकवा, ठिबक असेल तर नळीही सरकवा. उसाचं पाचट मिळालं तर आळ्यात अंथरा, फक्त खोडापासून वीतभर लांब. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत एवढं सांभाळलं की मूळ स्वतः खाली उतरतं.

मार्चमध्ये पानं गळाली की घरचे घाबरून पाणी वाढवतात. बहावा पानझडीचा आहे, तो उन्हाळ्यात उघडा पडणारच. शंका आली तर फांदीची साल नखानं जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

पानं पिवळी, पण शिरा हिरव्या असं दिसलं तर बहुधा चुनखडीचा त्रास. जमिनीत चुनखड असते किंवा घर बांधताना उरलेला सिमेंटचा राडारोडा तिथंच पुरलेला असतो. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. युरियानं हे बरं होत नाही. राडारोडा उपसून काढा, शेणखत द्या, गरज पडली तर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला अशा मातीतही घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या. शेंगवर्गातला असला तरी बहाव्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नसतात, म्हणून थोडं शेणखत दरवर्षी लागतंच. पण नत्र जास्त झालं तर नुसती पानं फोफावतात.

पाऊस सुरू झाल्यावर कोवळ्या पालवीवर हिरव्या अळ्या दिसतील. बहुतेक त्या पांढऱ्या-पिवळसर फुलपाखरांच्या असतात. बहावा हे त्यांचं खाद्यझाड आहे. औषध मारू नका. पालवी पुन्हा फुटते, आणि अंगणात फुलपाखरं उडताना बघायचा आनंद मला तरी चार पानांपेक्षा मोठा वाटतो.

छाटणी फुलोरा संपल्यावर करा. फेब्रुवारीत आकार देत बसलात तर त्या वर्षीची फुलं गमवाल. आधाराची काठी सुतळीनं सैल बांधा, तार वापरली तर ती सालीत रुतते.

बियांपासून रोप करणार असाल तर बी नुसतं मातीत टाकू नका, टरफल फार टणक असतं. एका बाजूनं दगडावर घासा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. टम्म फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. शेंगेतला काळा चिकट मगज गोड लागतो, पण तो जुलाबाचं औषध आहे. लहान मुलं आजूबाजूला असतील तर पडलेल्या शेंगा वेळच्या वेळी उचला.

बियाचं झाड फुलायला पाच ते आठ वर्षं घेतं. चौथ्या वर्षी फूल नाही म्हणून खत वाढवू नका.