एमएल-केमसाठी हार्डवेअर घडवताना या चुका टाळा

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये एफआयपीएस 203 हे एमएल-केमचे, म्हणजे क्वांटम संगणकांपुढेही टिकावी अशा गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीचे, मानक प्रसिद्ध केल्यापासून तिचा हार्डवेअर ब्लॉक लिहायला घेणारे अनेकजण आपले सारे लक्ष एनटीटीच्या (बहुपदींचा गुणाकार झटपट करू देणाऱ्या रूपांतराच्या) गुणकावरच खर्च करतात. मॉड्युलस (ज्याने भागून बाकी ठेवली जाते ती संख्या) 3329, म्हणजे जेमतेम 12 बिटांचा असल्याने तो गुणक लवकर वेगवान होतो, पण संपूर्ण ब्लॉक मंदच राहतो. अशा वेळी दुसरा गुणक जोडण्याआधी सिम्युलेशनचा वेव्हफॉर्म (सिग्नलांचा आलेख) उघडून एनटीटीचा मूळ हिशेब करणारे बटरफ्लाय एकक किती क्लॉक सायकल रिकामे बसते ते पाहावे. बहुधा ते यादृच्छिक भासणारे बाइट पुरवणाऱ्या केचॅक या हॅशच्या गाभ्याच्या 24 फेऱ्या संपण्याची वाट पाहत असते, आणि उपलब्ध क्षेत्रफळ तिथेच वळवणे शहाणपणाचे ठरते.

सर्वांत फसवी चूक याच वाटेवर दडलेली असते. केचॅकवर आधारलेल्या शेक-128 च्या एका ब्लॉकमधून 168 बाइट मिळतात. दर 3 बाइटांतून 2 याप्रमाणे त्यांतून 112 उमेदवार संख्या निघतात आणि 3329 पेक्षा लहान असलेल्या सुमारे 81 टक्केच स्वीकारल्या जातात. तीन ब्लॉकांतून सरासरी 273 सहगुणक हाती येतात, एका बहुपदीला लागतात 256. म्हणून तीन ब्लॉक पुरतील असे धरून स्टेट मशीन (पायऱ्यांचा क्रम चालवणारे सर्किट) लिहिली जाते. प्रत्यक्षात दर शंभर बहुपदींमागे सरासरी एकीपेक्षा किंचित कमी बहुपदींना चौथा ब्लॉक लागतो, आणि एमएल-केम-768 च्या मॅट्रिक्समध्ये अशा 9 बहुपदी असतात. मोजक्या टेस्ट व्हेक्टरवर (उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर) हा दोष दिसेलच असे नाही, म्हणून चौथा ब्लॉक मागणारे बीज (ज्यापासून हे बाइट तयार होतात ते सुरुवातीचे मूल्य) मुद्दाम शोधून सिम्युलेशनमध्ये ठेवावे.

उत्तर प्रत्येक वेळी चुकत असेल, तर आधी टेस्ट व्हेक्टर तपासावेत. कायबरच्या, म्हणजे एमएल-केमच्या मूळ रूपाच्या, निस्टच्या निवड प्रक्रियेतील तिसऱ्या फेरीचे व्हेक्टर अंतिम मानकाशी जुळत नाहीत, आणि 2023 च्या मसुद्यात तर मॅट्रिक्सच्या निर्देशांकांची अदलाबदल झालेली होती. व्हेक्टर योग्य असूनही सर्व सहगुणक 3329 ने भागून उरणाऱ्या बाकीत एकाच पटीने, म्हणजे 2285 किंवा 169 पटीने, चुकत असतील, तर भागाकार टाळणाऱ्या माँटगोमेरी गुणाकारातला 2 च्या 16 व्या घाताचा घटक एकदा जास्त किंवा कमी लागला आहे असे समजावे.

डीकॅप्सुलेशनमध्ये, म्हणजे सायफरटेक्स्टमधून सामाईक गुपित काढताना, त्याची पुन्हा एन्क्रिप्ट केलेल्या प्रतीशी होणारी तुलना पहिल्याच फरकाला थांबवू नये, नाहीतर लागलेल्या वेळेवरून माहिती फुटते. तुलना न जुळल्यास द्यायचे पर्यायी गुपित दर वेळी काढूनच ठेवावे आणि शेवटी निवड स्थिर वेळेत करावी. मास्किंगही (गुप्त मूल्य शेअर नावाच्या यादृच्छिक तुकड्यांत वाटणे) केवळ एनटीटीपुरते मर्यादित ठेवून भागत नाही, कारण पुन्हा होणाऱ्या एन्क्रिप्शनमध्ये गुप्त संदेश केचॅक, सॅम्पलर आणि तुलनेतूनही जातो. शिवाय कोडचे सर्किट बनवणारे सिंथेसिस टूल लॉजिकची काटछाट करताना दोन शेअर एकत्र मिसळू शकते. त्यामुळे मास्क केलेल्या मॉड्यूलची हायरार्की (वेगळी चौकट) अबाधित ठेवून गुपिताच्या गळतीची चाचणी सिंथेसिसनंतरच्या नेटलिस्टवर (गेटांच्या जोडणीच्या यादीवर) आणि शेवटी प्रत्यक्ष बोर्डवर घ्यावी.