नंबर प्लेट: ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांनी टाळायच्या चुका

नंबर प्लेटवरून होणाऱ्या बहुतेक कटकटींचं मूळ एकच असतं. पाटीवर एक असतं आणि परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत दुसरंच. कधी रंग जुळत नाही, कधी मालकाचं नाव, कधी एखादा आकडा. पूर्वी हे नाक्यावरच्या हवालदाराच्या नजरेवर अवलंबून होतं, थोडंफार खपून जायचं. आता मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर कॅमेरे नंबर वाचतात आणि तो नंबर थेट नोंदीशी ताडला जातो. म्हणून पाटी आणि नोंद या दोन्हींकडे लक्ष द्या. नुसती पाटी चकाचक असून भागत नाही.

नंबर वाचतानाच होणारी गल्लत

आजची नंबरांची पद्धत १ जुलै १९८९ला लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यापासूनची. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढचे दोन आकडे आरटीओचे, मग मालिकेची अक्षरं आणि शेवटी चार आकडे. चार आकडे ९९९९पर्यंत गेले की मालिकेचं अक्षर पुढे सरकतं. आय आणि ओ ही अक्षरं मालिकेत वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. फास्टॅग घेताना किंवा विम्याचा अर्ज भरताना मालिकेत ‘ओ’ टाकला असेल, तर तो चुकलाच म्हणून समजा. तिथे बहुधा डी किंवा क्यू असतो, आरसी बघून खात्री करा.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो पासिंगचा. ठाणे शहर एमएच ०४, कल्याण-डोंबिवली एमएच ०५, वाशी आरटीओ म्हणजे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई एमएच ४३. खारघर, कामोठे, पनवेल, उरण मात्र एमएच ४६. खारघरला राहणारा माणूस स्वतःला नवी मुंबईकरच म्हणवतो, आणि त्यात काही चूक नाही. पण गाडीच्या कामासाठी वाशीच्या आरटीओत रांग लावली तर दिवस फुकट जातो, कारण खारघर रायगड जिल्ह्यात येतं आणि त्याचं काम पनवेलला होतं. अर्ज करण्याआधी घरचा पत्ता कोणत्या आरटीओच्या हद्दीत येतो ते बघा. टपालावर ‘नवी मुंबई’ लिहिलेलं असतं म्हणून त्यावर विसंबू नका.

दुसरा गैरसमज असा की ठाण्याहून नेरुळला राहायला गेलं की नंबर बदलावा लागतो. राज्याच्या आत नंबर तोच राहतो. बदलायचा असतो तो आरसीवरचा पत्ता, आणि त्यासाठी कायद्याने ३० दिवस दिलेत. परराज्यातून आणलेल्या गाडीचं वेगळं आहे. ती १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर मूळ आरटीओची एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो. कर्नाटक किंवा गुजरात पासिंगच्या गाड्या इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं तशाच उभ्या दिसतात. त्यांच्या मालकांना ही आठवण पहिल्या नाकाबंदीत होते.

रंगाशी खेळ नको

पांढऱ्यावर काळी अक्षरं खासगी गाडीची, पिवळ्यावर काळी भाड्याच्या गाडीची. काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी. विजेवर चालणारी खासगी गाडी हिरव्यावर पांढरी, आणि विजेचीच टॅक्सी किंवा रिक्षा असेल तर हिरव्यावर पिवळी. पिवळ्यावर लाल अक्षरं तात्पुरत्या नोंदणीची, लालवर पांढरी विक्रेत्याच्या ट्रेड सर्टिफिकेटची, म्हणजे त्याच्याकडच्या अजून न विकलेल्या गाडीची.

इथे दोन चुका महागात पडतात. पहिली म्हणजे टॅक्सी म्हणून चाललेली गाडी स्वस्तात घेऊन तिला रेडियमच्या दुकानातून पांढरी पाटी लावणं. परमिट परत करून आरटीओत वर्ग बदलून घेतल्याशिवाय ती गाडी नोंदीत टॅक्सीच राहते. अशा गाडीला अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येतो.

दुसरी चूक विजेच्या स्कूटरची. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या स्कूटरला नोंदणी लागत नाही, हे खरं. पण काही विक्रेते ‘वेग खोलून देतो’ म्हणतात. वेग वाढवला की सवलत संपली, मग ती बिननोंदणीची मोटारसायकलच झाली. मुलाला क्लासला जायला अशी स्कूटर घेऊन देणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, की वेग वाढवून घेऊ नका.

उच्च सुरक्षा पाटी: खरी, खोटी आणि अर्धवट

१ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना ही पाटी, म्हणजे एचएसआरपी, विक्रेत्याकडूनच लागून येते. त्याआधीच्या गाड्यांना ती मालकाने लावून घ्यायची. महाराष्ट्रात त्यासाठीची मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, पुढे ती बऱ्याचदा वाढली. त्या वाढींमुळेच ‘बघू नंतर’ म्हणणारे खूप झाले. पाटी नसेल तर मालकी बदलणं, पत्ता बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं ही आरटीओतली कामं अडतात, आणि लोकांना ते गाडी विकायला काढल्यावर कळतं.

एखादी खरी पाटी उन्हात हातभर अंतरावरून तिरकी बघा. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. डावीकडे वर २० बाय २० मिलिमीटरचं अशोकचक्राचं होलोग्राम, बघण्याचा कोन बदलला की चमक बदलते. त्याच्या खाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं. खाली डाव्या कोपऱ्यात लेसरने कोरलेला किमान दहा अंकी क्रमांक, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पुढच्या पाटीवरचा आणि मागच्या पाटीवरचा क्रमांक वेगवेगळा असतो. नंबरची अक्षरं उठावाची, आणि त्यांच्या काळ्या पट्टीवर तिरक्या रेषेत बारीक ‘इंडिया’ छापलेलं. बाजारातल्या नकली पाटीवर चक्र असतं, निळी अक्षरंही असतात. लेसरचा क्रमांक मात्र नसतो, किंवा असला तरी नोंदीत सापडत नाही. शंका आली तर आधी तोच बघा.

बुकिंग करताना राज्याच्या परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच पुढे जा. शोधयंत्रात वर येणारी पहिली लिंक उघडू नका, कारण पैसे उकळणारी बनावट पानं निघालेली आहेत. ठरलेला दर जीएसटी वगळून दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ आहे. घरी येऊन बसवायचे थोडे जास्त लागतात, पण कुणी दोन हजार मागितले तर तिथूनच परत फिरा. नोंदणी पुण्याची असली तरी बसवण्याचं ठिकाण ठाण्याचं निवडता येतं.

बुकिंग अडतं ते बहुतेक वेळा या कारणांनी:

- चासी किंवा इंजिन क्रमांक जुळत नाही. जुन्या आरसी बुकात हाताने लिहिलेला क्रमांक असतो, त्यातला पाच आणि एस, शून्य आणि डी तपासा. तरीही जुळला नाही तर गाडीवरच्या क्रमांकाचा पेन्सिल-ठसा घेऊन आरटीओत दुरुस्ती करून घ्या.
- गाडी ‘वाहन’मध्ये दिसतच नाही. जुन्या स्कूटरच्या बाबतीत हे होतं. मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची संगणकावर नोंद, करून घ्यावी लागते, तोवर दुसरा मार्ग नाही.
- मोबाइल नंबर जुना आहे, ओटीपी दुसऱ्याकडे जातो. आधी तो बदला.

पाटी बसवताना आणखी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ती साध्या स्क्रूने नाही, एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने बसते. लॉक तोडून पाटी उचकटली की तिचा सुरक्षिततेचा अर्थच संपला. बंपर दुरुस्तीला गॅरेजमध्ये गाडी दिली आणि मेकॅनिकने पाटी काढून पुन्हा स्क्रूने ठोकली, असं सर्रास होतं. गाडी ताब्यात घेताना तेवढं बघा. आणि बसवल्यावर आठवड्याभराने ‘वाहन’मध्ये नोंद चढली का तेही तपासा. चढली नसेल तर पावती दाखवून पाटी बसवणाऱ्या एजन्सीकडे तक्रार करा.

चारचाकीला पुढच्या काचेच्या आतून डाव्या कोपऱ्यात एक स्टिकरही लागतो. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी, बाकी इंधनांना करडा. तो काढायला गेलं की फाटतो, तसाच बनवलेला आहे. काच बदलली की स्टिकर आणि फास्टॅग दोन्ही जातात. घाटात दगड लागून काच फुटली की लोक फास्टॅग लगेच नवा घेतात, स्टिकरचं मात्र विसरतात.

सजावट

पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय आकडेच चालतात, मराठीचा अभिमान असला तरी. तो अभिमान मलाही आहे, तो मागच्या काचेवर, दुकानाच्या पाटीवर, घराच्या दारावर जरूर दिसू दे. पण देवनागरी नंबर परराज्यातल्या पोलिसाला वाचता येत नाही. तोच नंबर अपघातानंतर मदतीला धावलेल्या ट्रकवाल्याने फोनवर सांगायचा असतो.

४१४१चा ‘दादा’, ८०५५चा ‘बॉस’, २१४चा ‘राम’ हे प्रकार सगळ्यांच्या ओळखीचे. चॉइस नंबर रीतसर पैसे भरून घेणं पूर्ण कायदेशीर आहे. आकडे वाकवून त्याचं नाव करणं हा गुन्हा आहे. मोटारीच्या पाटीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांतलं अंतर १० ठरलेलं आहे. स्कूटरच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंचीचे. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढे १,५००पर्यंत दंड होतो.

नकळत होणाऱ्या चुका जास्त आहेत. पाटीवर धुरकट ॲक्रिलिक झाकण, कडेवर येणारी क्रोमची चौकट, मागे सायकल-कॅरिअर. पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून किंवा तुर्भे एमआयडीसीतून घरी आलेल्या गाडीची मागची पाटी बघा, चिखलाने निम्मी बुजलेली असते. ओल्या फडक्याने पुसा. तारेच्या घासणीने किंवा थिनरने नको, उठावाच्या अक्षरांवरची काळी पट्टी खरवडली जाते. मागच्या पाटीवरचा छोटा दिवाही बघा. नंबर रात्री १५ मीटरवरून वाचता यायला हवा असा नियम आहे, आणि तो बल्ब गेल्याचं मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही.

दुसऱ्याच्या गाडीचं चलान तुमच्या मोबाइलवर

आमच्या इमारतीतल्या एका काकूंना वेगमर्यादा मोडल्याचं चलान आलं. “अरे, माझी स्कूटी कोपरीच्या पुलापलीकडे कधी गेली नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा मुलगा म्हणाला, “भरून टाक आई, कशाला डोक्याला ताप.” चलानातला फोटो मोठा करून बघितला तेव्हा उलगडा झाला. गाडी मोटारसायकल होती. तिच्या पाटीवरच्या शेवटच्या इंग्रजी आठाची डावी बाजू चिखलाने झाकली होती, आणि आठाचा तीन झाला होता. काकूंच्या स्कूटीचा शेवटचा आकडा तीन.

‘भरून टाक’ हीच इथली सगळ्यात मोठी चूक. पैसे भरले की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, आणि ती दुसरी गाडी तशीच फिरत राहते. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. चलान क्रमांक, आरसी, आणि आपल्या गाडीचे पुढून-मागून-बाजूने काढलेले स्वच्छ फोटो जोडा. मॉडेल, रंग, आरसा, हँडल, जे वेगळं दिसतं ते एकेका ओळीत लिहा. काकूंचं काम एवढ्यावरच झालं.

फोटोतली गाडी तुमच्यासारखीच, त्याच रंगाची आणि नंबरही स्पष्ट तोच असेल, तर मात्र नकली पाटीचा संशय घ्या आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा सोबत न्या. सोसायटीच्या गेटचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते आधी मागा. फास्टॅगचा हिशेब, ऑफिसच्या पार्किंगची नोंद, काहीही चालेल. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊन ती जपून ठेवा, पुढची चलानं येतील तेव्हा तीच कामी येते. पाटी चोरीला गेली किंवा हरवली तरी हेच करा. तक्रारीशिवाय दुसरी पाटी रीतसर मिळत नाही, आणि मिळू नयेही.

बीएच मालिकेबद्दल थोडंसं

बीएच म्हणजे ‘भारत’ मालिका, राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. सप्टेंबर २०२१पासून मिळणाऱ्या या नंबरात सुरुवातीचे दोन आकडे आरटीओचे नाहीत, पहिल्या नोंदणीच्या वर्षाचे आहेत. सरकारी, संरक्षण दलातले, सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीचे कर्मचारी तो घेऊ शकतात. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटीवाल्यांमध्ये तो लोकप्रिय आहे. बदलीची नोकरी असेल तर उत्तमच. पण कर एकदम १५ वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो, आणि तारीख चुकली की रोजचे १०० रुपये चढतात. ती तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

गाडी विकल्यावर

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून पैसे घेतले की बरेच जण गाडी विसरून जातात. घेणारा महिनोन्‌महिने नाव लावत नाही, आणि चलान तुम्हाला येत राहतं. एखादा अपघात झाला तर नोटीसही तुमच्याच पत्त्यावर. विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. एजंट करेल म्हणून सोडू नका. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहून घेतलेली पावती ठेवा. फास्टॅग काढून बंद करा. मग ‘वाहन’मध्ये नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते दर आठवड्याला बघा, आणि बदललेलं दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट कागदपत्रांत ठेवा.